भिंतीपलीकडचे गाणे: सतराव्या शतकातील इटालियन मठांचे संगीत कसे ऐकावे

मिलानमधील सान मौरीत्सियो या चर्चमध्ये शिरलेला माणूस पहिल्या काही क्षणांत हमखास फसतो. समोर वेदी दिसते, वेदीमागे खालपासून वरपर्यंत चित्रांनी मढवलेली भिंत दिसते आणि चर्च तिथेच संपले असे वाटते. वास्तविक तिथवर ते अर्धेच झालेले असते. भिंतीच्या पलीकडे दुसरे प्रशस्त दालन आहे आणि त्यात १५५४ साली जान जाकोमो अंतेन्याती या कारागिराने बांधलेला ऑर्गन आहे. अलीकडचे दालन गावासाठी होते आणि पलीकडचे बेनेडिक्टाइन संघाच्या धर्मभगिनींसाठी. मधल्या भिंतीत जाळीची मोकळी जागा आणि कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाचा प्रसाद, आत देण्यापुरता एक लहानसा झरोका, एवढाच दोन्हींतला संबंध. या वास्तूचे बांधकाम १५०३ साली सुरू झाले आणि तिच्या भिंतींवर बर्नार्दिनो लुईनीने चित्रे काढली. चित्रे पाहायला लोक आजही येतात. संगीताच्या अभ्यासकाने मात्र आधी भिंत पाहावी.

इटलीतील मठांत राहून संगीत रचणाऱ्या स्त्रियांच्या रचना आता इंटरनेटवर सहज ऐकायला मिळतात. किआरा मार्गारिता कोत्सोलानी, लुक्रेत्सिया व्हित्साना, इसाबेला लेओनार्दा ही नावे पाश्चात्य संगीत ऐकणाऱ्या मराठी श्रोत्यांच्याही कानांवरून गेलेली असतात. पण नुसते ऐकून हे संगीत ‘गोड, शांत, पवित्र’ या तीन विशेषणांच्या पलीकडे जात नाही, आणि ही तिन्ही विशेषणे बऱ्याचदा चुकीची असतात. मीही बरीच वर्षे त्या तीन शब्दांवरच समाधान मानून होतो. हे संगीत कोणत्या क्रमाने हाताळले असता उलगडत जाते, ते येथे सांगतो.

पहिले पान: मठ, संघ, आर्चबिशप

कोणतीही रचना ऐकण्यापूर्वी वहीत तीन नोंदी कराव्यात: रचना कोणत्या शहरातील कोणत्या मठातली आहे, तो मठ कोणत्या धर्मसंघाचा होता, आणि त्या वर्षी तेथील आर्चबिशप कोण होते. पहिल्या दोन नोंदी कोणीही करतो. तिसरी विसरली जाते आणि तिथेच घोटाळा होतो.

कारण असे आहे. कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या त्रेंत येथील धर्मसभेने डिसेंबर १५६३ मध्ये, आपल्या शेवटच्या बैठकीत, धर्मभगिनींनी मठाच्या चार भिंतींबाहेर पडू नये हा जुना नियम पुन्हा कडक केला. १५६६ साली पोप पाचवे पायस यांनी तो आणखी आवळला. भिंती उंच झाल्या, खिडक्या बुजल्या, जाळ्या बारीक झाल्या. त्याच काळात उत्तर इटलीतील उमराव घराण्यांमध्ये लग्नाचा हुंडा इतका वाढला होता, की तीन मुलींपैकी एकीचे लग्न करून उरलेल्या दोघींना मठात पाठवणे हा व्यवहार झाला होता. मठातही हुंडा द्यावा लागे, परंतु तो लग्नाच्या मानाने पुष्कळ कमी असे. आणि मुलगी गाणारी किंवा ऑर्गन वाजवणारी असेल तर अनेक मठ त्यातही सूट देत. मुलगी अशी ‘तयार’ करून पाठवणे वडिलांनाही परवडे आणि मठालाही. परिणामी ज्या जागा बाहेरच्या जगासाठी बंद व्हायच्या होत्या, त्यांतच शहरातील उत्तम शिकलेले गळे गोळा झाले. नातलग, पाहुणे आणि परदेशी प्रवासी बाहेरच्या दालनात बसून ऐकू लागले.

आता हे गाणे चालू द्यायचे की नाही, हे मुख्यतः आर्चबिशपच्या मर्जीवर राहिले. मिलानचेच उदाहरण घ्यावे. कार्लो बोर्रोमेओ शिस्तीचे कडक होते. त्यांचे चुलतभाऊ फेदेरिको बोर्रोमेओ १५९५ ते १६३१ या काळात आर्चबिशप होते, आणि त्यांनी धर्मभगिनींच्या संगीताला मनापासून उत्तेजन दिले. पुढे अल्फोन्सो लित्ता यांनी सान्ता रादेगोंदा मठातील गाण्यावर निर्बंध आणण्यासाठी जंग जंग पछाडले. शहर एक, संघ एक, भिंतही तीच. तरी १६२० साली मठात आलेल्या मुलीला आणि १६६५ साली तिथेच म्हातारी झालेल्या त्याच स्त्रीला दोन वेगळी जगे भेटली. सान्ता रादेगोंदाचीच कोत्सोलानी नेमकी अशी: १६०२ चा जन्म, १६२० मध्ये व्रतग्रहण, पुढे मठाध्यक्षा, आणि उतारवयात लित्तांशी गाठ.

दिवसाचा आराखडा मांडावा

दुसरे काम म्हणजे रचना दिवसाच्या कोणत्या प्रहरी बसते हे शोधणे. हे भक्तिसंगीत मैफलीसाठी नव्हते. रात्रीच्या मॅटिन्सपासून झोपण्यापूर्वीच्या कॉम्प्लिनपर्यंत दिवसभर विभागलेल्या प्रार्थनांच्या साखळीत ते अडकवलेले होते. बेनेडिक्टाइन संघ ज्यांचे नाव लावतो त्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीच्या एकोणिसाव्या प्रकरणात स्तोत्रे म्हणताना आपले मन आपल्या आवाजाशी एकरूप असावे असे सांगितले आहे, आणि मठांतील संगीतावरचे पुढच्या हजार वर्षांतील बहुतेक वाद या एका वाक्याच्या अर्थावरून झाले आहेत. आवाज फार सुंदर झाला तर मन कोठे राहते, हा तो वाद.

बहुस्वरी रचना, म्हणजे ज्यांत अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गातात त्या, बहुतांशी सायंप्रार्थनेसाठी, म्हणजे व्हेस्पर्ससाठी, असत. मरियामातेच्या सणांना रोमन पद्धतीत पाच स्तोत्रे ठरलेली असत: दीक्सित दोमिनुस, लाउदाते पुएरी, लेतातुस सुम, नीसी दोमिनुस आणि लाउदा येरूसालेम. त्यानंतर एक स्तुतिगीत आणि शेवटी मरियेचे गीत, माग्निफिकात. लॅटिन येत नसेल तर बिचकण्याचे कारण नाही. मराठी पवित्र शास्त्र उघडून आधी मराठीत वाचावे आणि मग ऐकावे. फक्त एक खाचखळगा लक्षात ठेवावा: लॅटिन बायबलमधील स्तोत्रांचे क्रमांक आपल्या मराठी आवृत्तीपेक्षा बहुतेक ठिकाणी एकाने मागे असतात. दीक्सित दोमिनुस लॅटिनमध्ये १०९ वे आहे, मराठीत ११० वे. लाउदाते पुएरी तिथे ११२ वे, इथे ११३ वे. नीसी दोमिनुस तिथे १२६ वे आणि इथे १२७ वे. लाउदा येरूसालेम मात्र मराठीत १४७ व्या स्तोत्राच्या बाराव्या ओवीपासून शोधावे लागते. हे माहीत नसल्यामुळे चुकीचे स्तोत्र समोर धरून, शब्द आणि सूर यांचा मेळ का बसत नाही म्हणून कपाळाला हात लावणारे मी पाहिले आहेत.

आणखी एक बारकावा. बेनेडिक्टच्या नियमानुसार मठातील सायंप्रार्थनेत चारच स्तोत्रे असतात. म्हणजे बेनेडिक्टाइन धर्मभगिनीने छापलेल्या संग्रहात पाच स्तोत्रांची सोय दिसली, तर ते पुस्तक केवळ तिच्या मठासाठी छापलेले नव्हते. बाहेरच्या चर्चांनीही ते विकत घ्यावे अशी प्रकाशकाची इच्छा होती, हे त्यातून कळते.

रोजचे गाणे मात्र साधे, सगळ्यांनी मिळून एकच चाल गाण्याचे, वाद्याविना असे. आज ध्वनिमुद्रित होणाऱ्या भरजरी रचना सणासुदीच्या आहेत. दिवाळीच्या फराळावरून कोणाच्या रोजच्या जेवणाचा अंदाज बांधू नये, तसेच हे. या दोन टोकांच्या मध्ये एक प्रथा होती, ज्यात स्तोत्राची एक ओवी गायची आणि पुढची ओवी गाण्याऐवजी ऑर्गनवर वाजवायची. १६०० साली पोप आठवे क्लेमेंट यांनी काढलेल्या विधिग्रंथात या प्रथेचे नियम आहेत, आणि बोलोन्याचे ओलिवेतान संघाचे संन्यासी आद्रियानो बांकिएरी यांनी १६०५ मध्ये अशा ऑर्गनवादकांसाठी हाताशी ठेवण्याजोगे पुस्तकच छापले. ध्वनिमुद्रणात मध्येच शब्द नाहीसे होऊन नुसता ऑर्गन ऐकू आला, तर तो ‘मध्यंतराचा तुकडा’ नव्हे. ती ओवीच आहे, आणि ऐकणाऱ्याने ती मनात म्हणायची आहे.

खर्ज कोण लावत होते?

आता मुख्य प्रश्न. कोत्सोलानीचा १६५० साली व्हेनिस येथे छापलेला स्तोत्रसंग्रह आठ आवाजांसाठी आहे: दोन गायकवृंद आणि प्रत्येकात सोप्रानो व आल्टो (स्त्रियांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर व बास (पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज). मठात पुरुष नाही. मग टेनर आणि बास कोण गात होते? या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला तर या संगीताबद्दल जितके कळते, तितके चरित्रे वाचूनही कळत नाही.

उत्तरे चार आहेत आणि एकाच मठात, कदाचित एकाच संध्याकाळी, चारही वापरली जात असावीत. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संपूर्ण रचनाच चार किंवा पाच स्वर वर चढवणे, म्हणजे टेनरचा भाग खालच्या पट्टीच्या स्त्रीला झेपतो. आपल्याकडे गायिका काळी चारमध्ये आणि गायक काळी एकमध्ये गातो, त्याहून हे फारसे वेगळे नाही. दुसरा मार्ग म्हणजे केवळ बासचा भाग एक सप्तक वर गाणे. तिसरा, बासचा भाग गायचाच नाही, ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्यावर किंवा व्हिओलोने या मोठ्या तंतुवाद्यावर वाजवायचा. चौथे उत्तर आपण सहसा विसरतो: काही स्त्रियांचा आवाज खरोखरच टेनरच्या पट्टीपर्यंत खाली उतरतो, आणि साठसत्तर स्त्रियांच्या मठात अशा एकदोघी निघतातच.

दुसऱ्या मार्गात एक अडचण आहे, ती हार्मोनियमवर करून पाहावी. मंद्र सप्तकातील सा आणि त्याच्या वरचा मंद्र प एकत्र दाबावा; तो बास आणि टेनर असे समजावे. वर मध्य सप्तकातील ग धरावा. स्वरसमूह पायावर भक्कम उभा राहतो. आता खालचा सा सोडून त्याऐवजी मध्य सा दाबावा, म्हणजे बास एक सप्तक वर गेला. स्वर तेच आहेत, तरीही सगळ्यांत खाली प उरला आणि इमारत कलली. सर्वांत खालच्या सुरावर उभे राहिलेले हे प–सा अंतर त्या काळच्या शास्त्रात विसंगत धरले जाई. यावर तोडगा बास्सो कोन्तिनुओचा. ऑर्गन आणि सोबतचे खर्जाचे वाद्य मूळ मंद्र सा धरून ठेवते, वर गायिका बासचा भाग सप्तक चढवून गाते आणि पाया ढळत नाही. हार्मोनियमवर डाव्या हाताने तो मंद्र सा पुन्हा दाबला की फरक लगेच कानांना कळतो. कोन्तिनुओ ऐकताना तंबोऱ्याची सवय मात्र बाजूला ठेवावी. तंबोऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही. हा खालचा सूर सतत चालत असतो, आणि तो पुढे कुठे पाऊल टाकतो यावर वरच्या स्वरांचा अर्थ ठरतो.

छापील पुस्तकांतही याच्या खुणा सापडतात. मोदेना येथील सान जेमिनियानो मठाची सुल्पीत्सिया चेसिस हिचा मोतेतांचा, म्हणजे लॅटिन शब्दांवरच्या धार्मिक गीतांचा, संग्रह १६१९ मध्ये निघाला. दोन आवाजांपासून बारा आवाजांपर्यंतच्या रचना त्यात आहेत, आणि काही ठिकाणी कोणता भाग कॉर्नेट या लाकडी फुंकवाद्यावर, कोणता ट्रॉम्बोनवर, कोणता व्हिओलोनेवर वाजवावा हे छापलेलेच आहे. मठात ट्रॉम्बोन वाजत होता, हे अनेकांच्या गळी उतरत नाही. पण पुस्तकच तसे सांगते.

तेव्हा ध्वनिमुद्रण निवडताना आधी गायकांची यादी पाहावी. सगळ्या स्त्रिया असतील तर वर सांगितलेल्या चार मार्गांपैकी कोणता वापरला आहे ते कानांनी ओळखण्याचा प्रयत्न करावा. पुरुष असतील तर ते ध्वनिमुद्रण ‘खोटे’ ठरत नाही, कारण ही पुस्तके पुरुषांच्या चर्चांतही वापरली जात. मात्र ते मठाचे चित्र राहत नाही.

पुस्तक हातात आल्यावर

आज जुन्या छापील प्रतींची छायाचित्रे अनेक युरोपीय ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो, कारण सर्व आवाज एकाखाली एक मांडलेले पानच त्यात नसते. प्रत्येक आवाजाची वही स्वतंत्र छापलेली असे: सोप्रानोची एक, आल्टोची एक, ऑर्गनची एक. ज्याने त्याने आपापली वही धरायची आणि बाकीच्यांचे ऐकत गायचे. यामुळे एक वही हरवली की रचना लंगडी होते. कोत्सोलानीचा १६४० चा पहिला संग्रह समूळ नाहीसा झाला आहे. १६४८ च्या एकल आवाजाच्या संग्रहातील गाण्याची वही उरली, पण कोन्तिनुओची वही गेली. म्हणजे गायिका आहे आणि पायाखालची जमीन नाही. त्या संग्रहातील काही ऐकायला मिळालेच, तर खालचा सूर आजच्या कोणीतरी रचलेला आहे हे समजून ऐकावे.

वहीत स्वरांच्या आधी अर्पणपत्रिका येते. ती चाळून पुढे जाण्याचा मोह आवरावा. कोत्सोलानीने १६४२ चा संग्रह मेदिची घराण्यातील राजपुत्र मात्तियास यास अर्पण केला. नोवारा येथील उर्सुलाइन संघाच्या इसाबेला लेओनार्दाने (१६२०–१७०४) दोनशेच्या आसपास रचना केल्या, आणि आपल्या ग्रंथांची अर्पणपत्रिका जगातील आश्रयदात्याबरोबर मरियामातेलाही लिहिली. तिच्या १६९३ मधील सोळाव्या संग्रहात केवळ वाद्यांसाठीचे सोनाता आहेत, आणि स्त्रीच्या नावाने छापलेले हे पहिले सोनाता मानले जातात. भिंतीआड आयुष्य काढलेल्या स्त्रीचे नाव ज्या पानावर बाहेरच्या जगात फिरले, ते हे पान. तिथे विनयाची वाक्ये ठरीव असतात, परंतु कोणाला लिहिले आहे ते कधीच ठरीव नसते.

साक्षीदारांची उलटतपासणी

फेर्रारा येथील सान व्हितो या ऑगस्टिनियन मठातील वादन ऐकून एर्कोले बोत्त्रिगारी यांनी १५९४ च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. सरळ वाचायलाही ते सुंदर आहे. तेवीस धर्मभगिनी एकामागून एक, आवाज न करता, आपापली वाद्ये घेऊन येतात. लांब मेजाभोवती, ज्या वाद्याला उभे राहणे सोयीचे तिने उभे, जिला बसणे सोयीचे तिने बसून, जागा घेतात. कॉर्नेट आहेत, ट्रॉम्बोन आहेत, व्हायोलिन, ल्यूट, हार्प, बासऱ्या, हार्प्सिकॉर्ड आहेत. मेजाच्या एका टोकाला संगीतप्रमुख बसते. तिच्या हातात लांब, बारीक, गुळगुळीत काठी असते. सगळ्या सज्ज झाल्याचे पाहून ती त्या काठीने नि:शब्द खुणा करते आणि संगीत सुरू होते. याच मठातील राफाएल्ला आलेओत्ती हिचा मोतेतांचा संग्रह १५९३ साली व्हेनिसला छापला गेला होता. स्त्रीने रचलेल्या धार्मिक संगीताचे ते पहिले छापील पुस्तक.

असे वर्णन वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हा माणूस कोठे उभा होता? त्याला आत कोणी येऊ दिले? आणि त्याला कशाचे आश्चर्य वाटले? आश्चर्याच्या जागा फार बोलक्या असतात. स्त्रिया कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन वाजवतात, त्याही पुरुष शिक्षकाशिवाय, याने लेखक थक्क होतो. म्हणजे त्याच्या वाचकांनाही ते नवे होते. मिलानचे फिलिप्पो पिचिनेल्ली १६७० मध्ये सान्ता रादेगोंदाबद्दल लिहितात तेव्हा काळा बेनेडिक्टाइन वेष केलेल्या या गायिका ऐकणाऱ्याला शुभ्र हंसांसारख्या वाटतात, अशी कोटी करतात. बाहेरच्या दालनातून वेष दिसत नव्हताच. काळे-पांढरे सगळे कल्पनेतले आहे, आणि ऐकणारे नेमके काय करत बसत असत हे त्या कोटीतून कळते.

स्तुतीपेक्षा भरवशाचे कागद मनाईहुकुमांचे. बहुस्वरी गाऊ नये, ऑर्गनखेरीज वाद्ये वापरू नयेत, बाहेरचा संगीतशिक्षक बोलावू नये, अशा आज्ञा इटलीच्या शहराशहरांतून निघाल्या, आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच निघाल्या. सोसायटीच्या जिन्यात ‘येथे चपला ठेवू नयेत’ ही पाटी तिसऱ्यांदा रंगवलेली दिसली की चपला कोठे ठेवल्या जातात ते कळते. तसेच हे हुकूम वाचावेत. बोलोन्यातील कामाल्दोलेसे संघाचा सान्ता क्रिस्तीना मठ या बाबतीत पाहण्यासारखा आहे. लुक्रेत्सिया व्हित्साना (१५९०–१६६२) तिथे लहानपणीच आली. तिची मावशी कामिल्ला बोंबाच्ची त्याच मठात ऑर्गन वाजवत असे. लुक्रेत्सियाचा वीस मोतेतांचा संग्रह १६२३ मध्ये व्हेनिसला छापला गेला; त्यांतील बहुतेक एका किंवा दोन सोप्रानोंसाठी आहेत. पुस्तक निघाले त्याच सुमारास मठ आणि आर्चबिशपचे कार्यालय यांच्यात मोठा झगडा पेटला आणि तो वर्षानुवर्षे चालला. तिचे एकही पुढचे पुस्तक निघाले नाही.

प्रत्यक्ष ऐकण्याचा एक प्रयोग

इतकी तयारी झाल्यावर एकच रचना घ्यावी. मी कोत्सोलानीच्या १६५० च्या संग्रहातील ‘मारिया माग्दालेने स्ताबात’ हा ईस्टरचा संवाद सुचवतो. आधी मराठी नव्या करारातील योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय अकराव्या ओवीपासून वाचावा. येशूची कबर रिकामी आहे. मग्दालिया मरिया बाहेर रडत उभी आहे. बाई, का रडतेस, असे देवदूत तिला विचारतात. कोत्सोलानी निवेदन, देवदूत आणि मरिया यांना वेगवेगळे आवाज देते, त्यामुळे कीर्तनकार जसा आख्यानातील पात्रे उभी करतो तशी ही पात्रे उभी राहतात.

पहिल्यांदा इअरफोन लावून शब्द पाहत ऐकावे. दुसऱ्यांदा ध्वनिवर्धक शेजारच्या खोलीत ठेवावा, मधले दार बोटभर उघडे ठेवावे, शक्यतो जाळीचे दार असेल तर तेच लोटावे, आणि आपण अलीकडे बसावे. उच्चारांच्या कडा बोथट होतात. कोण कुठून गाते ते सांगता येत नाही. दोन सोप्रानोंपैकी वरची कोणती, हे ओळखणे कठीण होते. पण दीर्घ स्वर आणि त्यांच्यावरच्या ताना दारातून सहज येतात, आणि कोन्तिनुओचा खर्ज तर भिंतीतूनही येतो. मग लक्षात येते की महत्त्वाचा शब्द अनेकदा पुन्हा पुन्हा म्हटला जातो, प्रश्न आणि उत्तर यांत आवाजाची उंची बदलते, आणि एखादी ओळ परत येऊन बसते. हे सगळे जाळीपलीकडे पोहोचणारे गुण आहेत. जाळीसाठीच तसे रचले असा दावा मी करणार नाही, कारण त्या काळच्या पुरुषांच्या रचनांतही हे सापडते. पण जाळीआड ते उपयोगी पडत होते एवढे नक्की.

आणि विषयही पाहावा. जो दिसत नाही त्याला शोधणारी स्त्री गाते आहे; ती गाणारीही दिसत नाही; आणि बाहेर बसलेले लोक जाळीकडे तोंड करून तिला शोधत आहेत. हे ऐकल्यानंतर त्याच संग्रहातील ‘बेआतुस व्हीर’ ऐकावे. ते स्तोत्र असूनही तिने संवादाच्या रूपात बांधले आहे, आणि संवाद ही तिची आवड होती की सान्ता रादेगोंदाच्या दोन गायकवृंदांतील चुरशीची सोय, हा प्रश्न तिथे मनात येतो. तो मठ आता राहिलेला नाही. मिलानच्या कॅथीड्रलला लागून असलेल्या गल्लीला मठाचे नाव तेवढे उरले आहे, आणि त्याच जागी १८८३ साली शहराला वीज पुरवणारे केंद्र उभे राहिले होते.

पुरुषांच्या संघांकडे वळताना

पुरुष संन्याशांचे संगीत ऐकताना वरीलपैकी खर्जाचा प्रश्न गळतो, पण मनुष्यबळाचा प्रश्न येतो. फ्रान्सिस्कन संघाचे लोदोविको व्हिआदाना यांनी १६०२ मध्ये छापलेल्या शंभर लहान रचना एकदोन गायक आणि ऑर्गन एवढ्यावर भागवण्यासाठीच होत्या. गायक अपुरे असताना मोठ्या रचनांतले आवाज गाळून गाणे त्यांना पटत नव्हते. कोन्तिनुओची पद्धत छापील रूपात रुजवण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे, आणि कोत्सोलानी व व्हित्साना त्याच वाटेने पुढे गेल्या. जेझुइटांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या संविधानाने संघाला समूहाने प्रार्थना गाण्याच्या बंधनातून मोकळे ठेवले होते, म्हणजे कागदावर हा बिनगाण्याचा संघ. प्रत्यक्षात रोममधील त्यांच्या जर्मन महाविद्यालयात जाकोमो कारिस्सिमी १६२९ पासून १६७४ मध्ये मरेपर्यंत संगीतप्रमुख होते, आणि त्यांच्या रचना ऐकायला रोम लोटत असे.

या धाग्याचे दुसरे टोक आपल्याकडे आहे. कार्मेलाइट संघाचे इटालियन धर्माधिकारी जुझेप्पे दी सान्ता मारिया सेबास्तियानी १६६३ साली गोव्यात होते. जेझुइटांच्या प्रोफेस्ड हाउसमध्ये, म्हणजे अंतिम व्रते घेतलेल्या सदस्यांच्या निवासात, सात गायकवृंदांचे संगीत ऐकून आपण रोममध्येच आहोत की काय असे त्यांना वाटले, आणि तसे बोलून दाखवल्यावर, तुमचे चुकले नाही, रचना कारिस्सिमींचीच आहे, असे उत्तर मिळाले. गाणारे-वाजवणारे स्थानिक होते, आणि त्यांची तयारी पाहून सेबास्तियानी चकित झाले.

त्या प्रोफेस्ड हाउसचे चर्च म्हणजे जुन्या गोव्यातील बॉम जेझू. तिथे गेलात तर संत फ्रान्सिस झेवियरच्या कबरीकडे जाण्यापूर्वी दारातच थांबावे, डोक्यावरची गायकांची माडी पाहावी आणि सात गायकवृंद कोठे कोठे उभे राहिले असतील याचा अंदाज घ्यावा. एक त्या माडीवर निश्चित बसतो, उरलेल्या सहांची जागा लावताना गंमत येते. माडी पेलणाऱ्या खांबांवर बांधकामाची सुरुवात १५९४ ची आणि प्रतिष्ठापना १६०५ ची असल्याचा लेख आहे, आणि त्यात आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांचे नाव आहे. मेनेझिस स्वतः ऑगस्टिनियन होते. दुसऱ्याच वर्षी, १६०६ मध्ये, त्यांनी जवळच्या टेकडीवर सान्ता मोनिका हा ऑगस्टिनियन धर्मभगिनींचा मठ स्थापन केला. आता तिथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. चालत दहापंधरा मिनिटांत पोहोचता येते. आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारून भिंतीची उंची पाहून घ्यावी.